दुधाच्या दाताची पत्रिका

गेल्या वैशाखात माझी नात बडोद्याहून सुट्टीसाठी गावी आली आणि आल्याच्या तिसऱ्याच दिवशी तिचा पहिला दात पडला. आमच्यासारख्या जुन्या घरांतून दुधाचा दात पडणे हा एक लहानसा विधीच असतो. तो दात शेणाच्या गोळीत गुंडाळावा, अंगणात उभे राहून घराच्या कौलांवर भिरकावावा आणि उंदीरमामाला विनवावे की, हा जुना घे आणि तुझ्यासारखा बळकट नवा दे. बडोद्याच्या तिच्या घराला कौले नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात उंदीरमामाचीही सोय नाही. तेव्हा तिला हा सोहळा नवाच होता. गोळी कौलांवर टप्पकन् पडली, तुळशीवृंदावनापाशी उभी असलेली माझी पत्नी हसली, आणि नातीने मला विचारले, "आबा, पण उंदीरमामा त्या दाताचं करतो काय?"

मी काहीतरी उत्तर दिले आणि ती खेळावयास गेली. मला मात्र त्या रात्री बराच वेळ झोप आली नाही. कारण साठ-पासष्ट वर्षांपूर्वी, समुद्रापलीकडच्या एका शहरात, लक्षावधी मुलांचे दुधाचे दात उंदरांना न देता एका प्रयोगशाळेला देण्यात आले होते, आणि त्या दातांचे तेथे काय केले गेले हे मला ठाऊक होते. विज्ञानाचा शिक्षक म्हणून मी तीस वर्षे ती हकीकत वर्गात सांगत आलो. ती सांगताना माझ्या स्वतःच्या हातून घडलेला एक प्रमाद मात्र मी कधी सांगितला नाही. आज दोन्ही गोष्टी एकत्र सांगाव्यात असे वाटते.

ते शहर म्हणजे अमेरिकेतील सेंट लुईस. १९५८ च्या डिसेंबरात तेथील काही वैज्ञानिक, डॉक्टर आणि सामान्य नागरिक यांनी मिळून आयांना आवाहन केले की, मुलांचे पडलेले दात आमच्याकडे पाठवा. या कार्याची सूत्रे प्रथम डॉ. लुईझ रीस या विदुषींकडे होती. दाताबरोबर एक पत्रक भरून द्यावयाचे असे: मूल कधी जन्मले, कोठे जन्मले, गरोदरपणी आई कोठे राहत होती, मुलाला अंगावर पाजले की बाटलीने. शाळा, वाचनालये, दंतवैद्यांचे दवाखाने यांतून दात गोळा होऊ लागले. दात देणाऱ्या मुलाला एक बिल्ला मिळे. आपण आपला दात विज्ञानाला दिला, असे त्यावर छापलेले असे. १९७० पर्यंत जमलेल्या दातांची संख्या ३ लाख २० हजारांच्या घरात गेली.

या दातांतून शोधावयाचे होते ते स्ट्रॉन्शियम-९० नावाचे एक द्रव्य. अणुबॉम्ब फुटला की युरेनियमच्या किंवा प्लुटोनियमच्या अणूंचे तुकडे होतात, आणि त्या तुकड्यांपैकी हा एक. निसर्गात तो जवळजवळ नसतोच. म्हणून कोठे सापडला तर तो कोठून आला याविषयी शंका उरत नाही. त्याचा एक घातक गुण असा की, रसायनशास्त्राच्या दृष्टीने तो कॅल्शियमचा, म्हणजे चुन्यातील मुख्य द्रव्याचा, सख्खा भाऊ आहे. तो पावसाबरोबर गवतावर उतरतो, गवतातून गाईच्या दुधात येतो, आणि दुधातून मुलाच्या शरीरात शिरला की शरीर त्याला कॅल्शियमच समजून हाडांत आणि दातांत बसवून टाकते. हाड आयुष्यभर थोडेथोडे झिजते आणि पुन्हा भरते. दुधाच्या दाताचा माथा मात्र आईच्या पोटात आणि जन्मानंतरच्या पहिल्या वर्षात एकदा घडला की घडला. पुढे सहा-सात वर्षांनी तो पडतो तेव्हा त्यात जन्मकाळचाच जमाखर्च जसाच्या तसा असतो.

आपल्याकडे मूल जन्मले की आपण घटिका-पळे पाहून त्याची पत्रिका मांडतो. आकाशात त्या क्षणी काय होते याची ती नोंद असते. त्या काळी जन्मलेल्या प्रत्येक मुलाची अशी आणखी एक पत्रिका कोणत्याही जोशीबुवांना न विचारता मांडली जात होती, आणि ती त्याच्या दातांत होती. आकाशात त्या वर्षी काय होते, ते तिच्यात लिहिलेले होते.

माझा जन्म १९५५ चा, आणि माझ्या पाठच्या बहिणीचा १९६३ चा. या दोन सालांमधले अंतर केवढे होते, हे ती हकीकत वाचीपर्यंत मला माहीत नव्हते. सेंट लुईसच्या मुलांच्या दातांत १९५० च्या मानाने १९६३ साली जन्मलेल्यांमध्ये स्ट्रॉन्शियम-९० सुमारे ५० पट आढळले. आमचा गोवा काही सेंट लुईस नव्हे. ही धूळ सर्वांत अधिक पडली ती उत्तर गोलार्धाच्या मधल्या पट्ट्यात. आपल्या अक्षांशांवर त्या मानाने कमी. पण कमी पडली म्हणजे पडलीच नाही असे नव्हे. माझ्या बहिणीचे दात आमच्या आजीने शेणाच्या गोळ्या करून मंगळुरी कौलांवर भिरकावले. ती कौले पुढे बदलली, आजीही गेली. ती पत्रिका कोणी वाचली नाही.

ही धूळ आकाशात चढली कशी आणि मोजली गेली कशी, ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. तिची पहिली चाहूल लागली ती एका विलक्षण ठिकाणी. १६ जुलै १९४५ रोजी अमेरिकेच्या न्यू मेक्सिकोतील वाळवंटात पहिल्या अणुबॉम्बची गुप्तपणे चाचणी झाली. त्यानंतर काही काळाने कोडॅक कंपनीच्या क्ष-किरणांच्या फिल्मवर विनाकारण काळे ठिपके उमटू लागले. कंपनीतील ज्युलियन वेब या शास्त्रज्ञाने माग काढला, तो फिल्म बांधण्याच्या गवती पुठ्ठ्यापाशी येऊन थांबला. तो पुठ्ठा चाचणीच्या जागेपासून हजार मैलांहून अधिक दूर असलेल्या इंडियाना राज्यातील एका गिरणीत तयार झाला होता, आणि त्यासाठी वापरलेले पाणी नदीचे होते. आभाळातून उतरलेली धूळ नदीत, नदीतून पुठ्ठ्यात, आणि पुठ्ठ्यातून फिल्मवर आली होती. राज्यकर्त्यांनी गुप्त ठेवलेली गोष्ट एका पुठ्ठ्याने सांगून टाकली. ही हकीकत १९४९ साली प्रसिद्ध झाली.

पुढे चाचण्या वाढल्या तशी मोजणीही वाढली. अमेरिकेच्या अणुशक्ती मंडळाच्या न्यूयॉर्क येथील प्रयोगशाळेने जी युक्ती योजिली तिचे साधेपण पाहून कौतुक वाटते. एक चौरस फुटाचा, वरून चिकट असलेला कागद एका घोडीवर उघड्यावर आडवा मांडून ठेवावयाचा. एक अहोरात्र झाले की तो काढून पाकिटात घालावयाचा आणि टपालाने पाठवून द्यावयाचा. प्रयोगशाळेत तो कागद जाळून त्याची राख करीत आणि त्या राखेतून किती बीटा किरण बाहेर पडतात ते यंत्राने मोजीत. जगाच्या निरनिराळ्या भागांतून असे कागद रोज निघू लागले. आपल्या देवळांतून पहाटे गाभारा उघडणारा, समई लावणारा, निर्माल्य काढणारा जसा एक नेमाचा माणूस असतो, तसे हे शेकडो अनामिक सेवेकरी रोज एक कागद काढीत आणि एक नवा लावीत. त्यांच्या या नित्यनेमातून जगाचा एक नकाशा तयार झाला.

त्या नकाशाने दाखवून दिले की, लहान स्फोटाची धूळ काही आठवड्यांत पावसाबरोबर खाली येते. परंतु हायड्रोजन बॉम्बची धूळ ढगांच्याही वर, स्थितांबरात, जाऊन बसते आणि तेथून वर्ष-दोन वर्षे झिरपत राहते. कोणी कोठेही बॉम्ब फोडला तरी ती साऱ्या पृथ्वीवर पसरते, आणि उत्तर गोलार्धात वसंत ऋतूच्या सुमारास तिचा भर येतो. आरंभी काही मोठ्या वैज्ञानिकांचा असा अंदाज होता की, ती वर बराच दीर्घ काळ राहील आणि तोवर तिचे तेज पुष्कळ कमी होऊन जाईल. मोजणीने तो अंदाज खोटा ठरविला.

१ मार्च १९५४ चा दिवस या इतिहासात काळ्या शाईने लिहिण्यासारखा आहे. प्रशांत महासागरातील बिकिनी बेटावर अमेरिकेने जो बॉम्ब फोडला तो १५ मेगाटनांचा, म्हणजे हिरोशिमावरील बॉम्बच्या सुमारे हजार पट निघाला. करणाऱ्यांच्या स्वतःच्या अपेक्षेहूनही तो दुपटीपेक्षा मोठा होता. बेटाचे प्रवाळ उडून त्याची पांढरी राख झाली. काही तासांनी ती राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडू लागली. बोटीचे नाव होते 'दाइगो फुकुर्यू मारू', आणि तिच्यावर २३ खलाशी होते. त्यांना ती राख कसली हे ठाऊक नव्हते. त्यांनी ती हातांनी झाडून काढली. १४ मार्चला ते याइझू बंदरात परतले तेव्हा सारेच आजारी होते. त्यांतील बिनतारी यंत्र सांभाळणारे ऐकिची कुबोयामा हे २३ सप्टेंबर १९५४ रोजी निवर्तले. त्याच राखेत सापडलेल्या रॉन्गेलॅप बेटावरील लोकांना तेथून हलवावयास दोन दिवस लागले. १९५७ साली त्यांना परत नेण्यात आले, आणि १९८५ साली त्यांना आपले बेट पुन्हा सोडावे लागले. आपल्याकडे भस्म म्हणजे विभूती. कपाळी लावली की मन शांत व्हावे. त्याच भस्माला जपानी लोकांनी त्या वर्षी मृत्यूची राख असे नाव दिले.

या घटनेनंतर जपानात जी मोजणी सुरू झाली तिच्यातील एका स्त्रीचे नाव मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगत असे: कात्सुको सारुहाशी. त्यांचा जन्म १९२० चा. लहानपणी शाळेच्या खिडकीच्या काचेवरून ओघळणारे पावसाचे थेंब पाहून, पाऊस पडतो तो का, असा प्रश्न त्यांना पडला होता, असे सांगतात. मोठेपणी त्या टोकियोच्या हवामान संशोधन संस्थेत पावसाच्या आणि समुद्राच्या पाण्यातील किरणोत्सर्गी द्रव्ये मोजू लागल्या. बॉम्बची धूळ समुद्रात सर्वत्र सारखी न पसरता प्रवाहांबरोबर जपानकडे अधिक वाहत येते, असे त्यांच्या मोजणीतून निघाले. अमेरिकेतील तज्ज्ञांना हे आकडे पटेनात. समुद्राच्या एवढ्या पाण्यात इतके अल्प द्रव्य अचूक मोजणेच कठीण, मोजण्यातच चूक असावी, असे त्यांचे म्हणणे. तेव्हा १९६२ साली सारुहाशी कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संस्थेत गेल्या. तेथील थिओडोर फॉलसम यांनी आपल्या रीतीने मोजावे आणि यांनी आपल्या रीतीने, असे ठरले. काही महिने हे चालले. अखेर सारुहाशींची मोजणी अचूक ठरली. त्यांनी वाद घातला नाही, सभा गाजविल्या नाहीत. पुन्हा एकदा काळजीपूर्वक मोजून दाखविले, एवढेच.

या मोजणीत आपल्या देशाचाही वाटा आहे, आणि तो मराठी वाचकाने विसरू नये असा आहे. २ एप्रिल १९५४ रोजी, म्हणजे बिकिनीच्या स्फोटाला एक महिना होतो न होतो तोच, पंडित नेहरूंनी संसदेत अशा चाचण्या निदान स्थगित तरी कराव्यात अशी मागणी केली. त्यांच्या सूचनेवरून डॉ. दौलतसिंह कोठारी यांनी अणुस्फोट आणि त्यांचे परिणाम यांवर लिहिलेले पुस्तक १९५६ साली भारत सरकारने प्रसिद्ध केले. १९५५ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रसंघाने किरणोत्सर्गाच्या परिणामांची छाननी करण्यासाठी १५ राष्ट्रांची एक वैज्ञानिक समिती नेमली. तिच्यात भारताचे प्रतिनिधी होते परळच्या कर्करोग संशोधन केंद्राचे डॉ. वसंत रामजी खानोलकर. या समितीत बॉम्ब फोडणारी राष्ट्रेही होती आणि न फोडणारीही. सर्वांचे आकडे एका टेबलावर आले, आणि १९५८ च्या अहवालात समितीने सांगितले की, किरणोत्सर्गाची मात्रा अगदी अल्प असली तरी तिच्यापासून, विशेषतः आनुवंशिक स्वरूपाची, हानी संभवते.

आता माझ्या प्रमादाकडे येतो.

या साऱ्या हकीकती मी वर्गात रंगवून सांगत असे, आणि त्याच सुमारास आमच्या गावच्या देवळाच्या समितीचा चिटणीसही होतो. देवळासमोर जुनी चिरेबंदी तळी आहे. जत्रेला येणारी माणसे तीत पाय धुतात, चूळ भरतात आणि मग दर्शनाला जातात. कित्येक भाविक ओंजळभर पाणी तीर्थ म्हणून पितातही. माझीच एक जुनी विद्यार्थिनी तेव्हा महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकत होती. एके दिवशी ती दोन स्वच्छ बाटल्या घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, तळीचं पाणी तपासायला न्यायचं आहे. समितीची परवानगी हवी."

मी नाही म्हटले. एवढेच नव्हे, तर वर तिला ऐकविले की, तीर्थाची परीक्षा घ्यायची नसते. ती क्षणभर गप्प राहिली. मग अगदी हळू आवाजात तिने विचारले, "सर, मी मोजलं म्हणून ते पाणी कमी पवित्र होणार आहे का?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. म्हणून मी रागावलो. ती बाटल्या घेऊन परत गेली. पुढच्या पावसाळ्यानंतर उत्सवाच्या दिवसांत गावातील दहा-बारा मुले जुलाब-वांत्यांनी आजारी पडली. देवाच्या दयेने सारी बरी झाली. त्यानंतर पाणी तपासले तेव्हा कळले की, जवळच्या घरांचे सांडपाणी जमिनीतून तळीत झिरपत होते. ते बंद केले, तळी उपसली, आणि आज तिचे पाणी दर वर्षी तपासले जाते. त्या मुलीने पुढे मला कधी दूषण दिले नाही. दिले असते तर मला बरे वाटले असते.

मी तेव्हा का नाही म्हटले, याचा मी अनेकदा विचार केला आहे. श्रद्धा हे कारण मी तिला सांगितले. पण ते खरे नव्हते. पाण्यात काही सापडले तर काय करावे, जत्रा थांबवावी काय, महाजनांना तोंड कसे द्यावे, ही भीती खरी होती. आणि मग ध्यानात आले की, चाचण्या करणाऱ्या राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांच्या मनात याहून वेगळे काही नसावे. त्यांनीही आपले आकडे बराच काळ कुलुपात ठेवले होते. निरनिराळ्या देशांतून मृत माणसांची, बालकांचीही, हाडे मिळवून त्यांतील स्ट्रॉन्शियम मोजण्याची एक योजना त्यांनी १९५३ पासून गुप्तपणे चालविली होती. कित्येक मृतांच्या नातेवाइकांना तिचा पत्ताही नव्हता. मोजणी तीच, परंतु हाडे न विचारता घेतली गेली आणि दात आयांनी आपल्या हातांनी पाकिटात घालून दिले. एका मोजणीचे उत्तर दप्तरात गेले, दुसरीचे ते देणाऱ्यांकडे परत आले. सेंट लुईसचे पहिले निष्कर्ष १९६१ च्या नोव्हेंबरात विज्ञानाच्या नियतकालिकात सर्वांना वाचता येतील असे छापले गेले.

त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला सोव्हिएत रशियाने नोव्हाया झेम्ल्या बेटावर ५० मेगाटनांचा, आजवरचा सर्वांत मोठा, बॉम्ब फोडला होता. गोवा मुक्त झाला तो त्यानंतर दोन महिन्यांच्या आत. आमच्या गावी लोक रस्त्यावर येऊन नाचत होते, मी वडिलांच्या खांद्यावर होतो, आणि आमच्या डोक्यांवरच्या त्या निळ्या आभाळात काय भरले होते हे आम्हांपैकी कोणाला माहीत नव्हते. १९६२ साल तर चाचण्यांच्या दृष्टीने सर्वांत वाईट गेले.

अखेर ५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्को येथे अमेरिका, ब्रिटन आणि रशिया यांनी हवेत, पाण्याखाली आणि अंतराळात चाचण्या न करण्याच्या करारावर सह्या केल्या. भारतानेही त्याच महिन्यात सही केली. १० ऑक्टोबरला करार अमलात आला, आणि त्याच दिवशी चाचण्यांविरुद्ध हजारो वैज्ञानिकांच्या सह्या गोळा करणाऱ्या लायनस पॉलिंग यांना शांततेचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. हा करार केवळ दातांमुळे झाला असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. क्यूबाच्या पेचप्रसंगाने राज्यकर्तेही हादरले होते. पण सामान्य माणसाला राज्यकर्त्यांपुढे ठेवावयास हातात काही आले ते या मोजणीमुळे. फ्रान्स आणि चीन यांनी नंतरही हवेत स्फोट केले. शेवटचा चीनने १६ ऑक्टोबर १९८० रोजी केला. आपल्या देशाने १९७४ आणि १९९८ साली पोखरण येथे ज्या चाचण्या केल्या त्या भूमिगत होत्या. त्यांचे समर्थन वा निषेध हा या लेखाचा विषय नव्हे, पण हिशेब मांडताना आपले पान वगळणे बरे दिसत नाही.

मोजणाऱ्याने भय वाढवूनही सांगू नये. पृथ्वीतून, आकाशातून आणि अन्नातून माणसाला जन्मजात जो किरणोत्सर्ग मिळतो तो वर्षाला सरासरी सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट धरतात. बॉम्बच्या धुळीने त्यात जी भर घातली ती सर्वांत अधिक होती १९६३ साली, आणि ती सरासरीने ०.११ मिलिसीव्हर्ट, म्हणजे नैसर्गिक मात्रेच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपास होती. आता ती त्याच्याही विसाव्या हिश्श्यावर आली आहे. स्ट्रॉन्शियम-९० चे अर्धायुष्य सुमारे २९ वर्षांचे. तेव्हा त्या काळी पडलेल्यापैकी आज चतुर्थांशाहूनही थोडे कमीच शिल्लक आहे. माझी बहीण इंदूरला असते. नातवंडांत रमलेली आहे, आणि तिचे दात माझ्या दातांहून बळकट आहेत. ही हकीकत मी तिला सांगितली तेव्हा ती म्हणाली, "दादा, माझ्या दातात बॉम्ब होता म्हणतोस, म्हणूनच अजून अक्रोड फोडते बघ!"

आम्ही दोघे हसलो. परंतु सरासरीत रॉन्गेलॅपचे लोक दिसत नाहीत, कुबोयामाही दिसत नाहीत. शिवाय मात्रा लहान असो वा मोठी, माझ्या आईला ती कोणी विचारून दिली नव्हती. आमच्या घरी दूध आले की पहिली वाटी देवापुढे जाई आणि मग बाळाच्या तोंडी. त्या वाटीत परक्या राष्ट्रांच्या भांडणातले काहीतरी मिसळले होते, आणि ज्यांनी ते मिसळले त्यांना आमच्या गावाचे नावही ठाऊक नव्हते. दात मोजले गेले म्हणून निदान आपल्याला विचारले नव्हते, एवढे तरी जगाला कळले.

या धुळीची अलीकडची एक वार्ता सांगून लेख आटोपतो. ती आपल्या अगदी जवळच्या ठिकाणची आहे. मानस सरोवराच्या दक्षिणेस गुरला मांधाता नावाचे शिखर आहे. मांधाता राजाने तेथे तप केले अशी श्रद्धा आहे, आणि कैलासयात्रेला गेलेल्यांनी ते डोळे भरून पाहिलेले असते. तिबेटी लोक त्याला नाइमोनान्यी म्हणतात. २००६ साली वैज्ञानिकांनी तेथील हिमनदीत ६,०५० मीटर उंचीवर छिद्र पाडून बर्फाचा लांब गाभा काढला. १९५० आणि १९६० च्या दशकांतील बॉम्बची धूळ जगभरच्या जुन्या बर्फात ठराविक खोलीवर थर करून बसलेली असते. जणू हिशेबाच्या वहीत तांबड्या शाईने मारलेली रेघच. त्या रेघेवरून वर किती वर्षे बर्फ साचले ते मोजता येते. गुरला मांधात्याच्या बर्फात ती रेघ सापडली नाही, आणि २००८ साली हे प्रसिद्ध झाले. १९६३ चा तो थर आणि त्याच्यावर साचलेले सारे बर्फ वितळून गेले होते.

ज्या धुळीला आपण कलंक म्हणून मोजले, तिच्याच नसण्यावरून आज पवित्र पर्वताचे बर्फ किती झिजले ते कळते. मानस सरोवराचे पाणी मस्तकी लावताना हेही ठाऊक असावे असे मला वाटते. ठाऊक असल्याने हात जोडावयाचे राहत नाहीत.

नात आता बडोद्याला परत गेली आहे. परवा दूरध्वनीवर तिने सांगितले की, दुसरा दातही हलू लागला आहे, आणि तिथे कौले नाहीत तेव्हा काय करावे? मी तिला म्हटले की, एका लहान डबीत तो कापूस घालून ठेव, आणि चिठ्ठीवर तुझी जन्मतारीख आणि जन्मस्थान लिहून आत घाल.

"आणि उंदीरमामा?" तिने विचारले.

मी म्हटले, "दिवाळीत येशील तेव्हा डबी घेऊन ये. आधी आपण दोघे चिठ्ठी वाचू, मग कौलांवर टाकू."